आमचा नवा कृष्ण फोंड्याला उभा राहिला तेव्हा

संगीत नाटकात एखाद्या भूमिकेची रिप्लेसमेंट ठरली की पहिला प्रश्न येतो पट्टीचा, म्हणजे गायक आपला सा कुठल्या सुराला धरतो याचा. गद्य नाटकात नवा नट आला की पाठांतर, मूव्ह्ज आणि कपड्यांची मापं इथून काम सुरू होतं. आमच्याकडे आधी विचारतात, ‘गातो कशात?’ आमच्या ‘सौभद्र’मधले कृष्ण, ज्यांना सगळी मंडळी दादा म्हणते, काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना दौरे झेपेनात. निर्मात्यांनी त्यांच्या जागी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून घराघरांत पोचलेला एक तरुण गायक आणला. तो पांढरी तीनमध्ये गातो असं कळलं तेव्हा बापू, म्हणजे आमचे तबलावादक, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘म्हणजे एक तबला वाढला.’

बापूंचं म्हणणं पिटात, म्हणजे वादकांच्या जागेत, बसून साथ करणाऱ्यालाच पटकन कळेल, म्हणून थोडं उलगडून सांगते. आमची सुभद्रा काळी चारमध्ये गाते. तिचा मध्यम, म्हणजे म, येतो काळी एकला. त्यामुळे काळी एकला लावलेला तबला दादांच्या पदांना षड्जात, म्हणजे सा म्हणून, आणि सुभद्रेच्या बऱ्याच पदांना मध्यमात चालायचा. अर्जुनही काळी एकचाच. बापू त्या एका तबल्यावर बरंचसं नाटक काढत. पांढरी तीनचा तबला यातल्या कुणालाच लागू पडत नाही. कृष्ण आला की तबला बदलायचा, तो गेला की पहिला परत घ्यायचा, आणि मधल्या वेळात तो उतरलेला असला तर वर संवाद चालू असताना हातोडीचा आवाज न करता चढवायचा. गोव्याच्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडते, तिथे तर हे फारच सांभाळावं लागतं.

माझंही तसंच. मी ऑर्गन वाजवते. ‘प्रिये पहा’ हे कृष्णाचं पद देसकारातलं. काळी एकमध्ये देसकार हाताला फार सोयीचा पडतो. सा, रे, प, ध चारही काळ्या पट्ट्यांवर, एकटा गंधार तेवढा पांढरीवर. पांढरी तीनला सगळं फिरतं. सा आणि प पांढऱ्यांवर येतात, बाकीचे तिन्ही सूर काळ्यांवर जातात. वाचायला हे सोपं वाटेल. पण वर्षानुवर्षं दादांच्या मागे जाताना बोटांना त्यांच्या जागा माहीत झाल्या होत्या. ते कुठे श्वास घेतात, कुठे पंचमावर रेंगाळतात, कुठे एकदम वरच्या षड्जाला हात घालतात, हे बोटं आधीच ओळखायची. आता नवीन गळा आणि नवीन पट्टी. रोज सकाळी घरी पेटी घेऊन बसले आणि सगळी पदं पांढरी तीनमधून पुन्हा बसवली. गोविंदराव पटवर्धन आणि तुळशीदास बोरकर या पेटीवादकांची साथ ऐकत आमची पिढी शिकली. गायक कुठूनही गायला लागला तरी त्या दोघांच्या साथीत अडखळणं म्हणून ऐकू यायचं नाही. तो आदर्श डोळ्यांसमोर असला की सरावाचा कंटाळा येत नाही.

पट्टी थोडी खाली आणता येईल का, असं मॅनेजरने विचारून पाहिलं. आमचे दिग्दर्शक बुवा ठाम होते. म्हणाले, ‘त्याचा आवाज तिथे खुलतो. त्याला खाली ओढलं तर आपण त्याला घेतलंच कशाला?’ मला ते पूर्ण पटलं. गायकाची पट्टी ही त्याच्या शरीराची गोष्ट आहे. साथीदारांनी आणि नाटकाने तिच्याशी जुळवून घ्यायचं असतं.

मंडळीत कुरबूर झाली, नाही असं नाही. जाहिरातीत त्याचा फोटो मोठा आणि बाकीच्यांची नावं खाली बारीक ओळीत. इतकी वर्षं हाडाची काडं करून नाटक चालवलं त्यांनी काय करायचं, असं चहाच्या वेळी बोललं जाई. ते दुःख खरं आहे आणि मला ते समजतं. पण नावाजलेल्या माणसाला आणल्याने नाटक बाटतं, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. आपली संगीत रंगभूमी नावांवरच तर जगली. १९०१ मध्ये गायक नट भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत मोठी जागा रिकामी झाली. १९०५ मध्ये सतरा वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा समोर बसलेल्या किती जणांच्या कानात भाऊराव असतील! ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मालक एकाच रंगमंचावर. लोक त्या नावांसाठी आले आणि नाटक ऐकून गेले. नावामुळे प्रेक्षक दारापर्यंत येतो. आत आल्यावर त्याला काय मिळतं ते आमच्या हातात असतं.

आणि प्रेक्षक यायला हवेच होते. ‘सौभद्र’ अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये रंगभूमीवर आणलं. मूळ नाटक पाच अंकी, शंभराच्या वर पदं. आम्ही करतो ती रंगावृत्ती तीन तासांच्या आसपास बसते. तरी मागची काही वर्षं मागच्या रांगा रिकाम्याच असत. नव्या कृष्णाची जाहिरात लागली आणि गोव्याच्या दौऱ्याचं बुकिंग उघडल्या उघडल्या भरलं.

तालमीच्या पहिल्या दिवशी तो वेळेच्या आधी आला. सगळ्यांच्या पाया पडला. दादाही मुद्दाम काठी टेकत आले होते, त्यांच्या शेजारी खाली बसला. बुवांनी गायला सांगितलं. त्याने ‘नच सुंदरी करू कोपा’ असं गायलं की मी साथ करता करता थक्क झाले. आवाज लख्ख, सूर कुठेही हलत नव्हता. छोटा गंधर्वांच्या ध्वनिमुद्रणातली प्रत्येक जागा, प्रत्येक हरकत त्याने जशीच्या तशी गळ्यावर चढवली होती. छोटा गंधर्वांचा कृष्ण ज्यांनी पाहिला ते आजही दुसऱ्या कृष्णाला पटकन मान डोलवत नाहीत. त्यांचं गाणं या वयात इतकं गळ्यात मुरवणं ही लहान गोष्ट नाही.

पद संपल्यावर बुवांनी विचारलं, ‘दुसऱ्या कडव्याआधी तू थांबलास, तेव्हा रुक्मिणी काय करतेय?’

तो गोंधळला. ध्वनिमुद्रणात रुक्मिणी नव्हतीच. तिथे गायक आहे, तबला आहे, ऑर्गन आहे. जिची समजूत काढायला हे पद म्हटलंय ती बाईच नाही.

पुढची सगळी तालीम याच गोष्टीची झाली. त्याला गाणं येत होतं. त्याला पद म्हणायला शिकायचं होतं. गाणं स्वतःच्या पायांवर उभं असतं. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, आणि शेवटाला टाळी. पद संवादातून वर येतं आणि संवादातच परत उतरतं. आधीचं वाक्य ज्या स्वरात संपतं त्याच्या जवळूनच पदाचा पहिला शब्द उचलावा लागतो. पद संपताना आवाज परत बोलण्याच्या पातळीवर आणावा लागतो, नाहीतर पुढचं वाक्य तोंडघशी पडतं. टीव्हीवर त्याच्या कानात यंत्र असे, ठेका ठरलेला, गाणं किती मिनिटांचं ते ठरलेलं. इथे त्याने वाक्य लांबवलं तर मला स्वर धरून ठेवायचा, त्याने श्वास घेतला तर मला भरायचं, रुक्मिणीने मान वळवली तर त्याला वाट बघायची. मापाचा काटा कुणाच्याच हातात नाही.

बुवांनी त्याला बरेच दिवस गाऊच दिलं नाही. पदाचे शब्द साध्या बोलण्यासारखे म्हणायला लावले, तेही रुक्मिणीच्या डोळ्यांत बघून. रुक्मिणी करणाऱ्या अक्का त्याच्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या. सुरुवातीला तो त्यांना ‘प्रिये’ म्हणताना नजर खाली घाले. अक्का म्हणाल्या, ‘तालमीनंतर मला अक्का म्हण. आत्ता मी तुझ्यावर चिडलेली बायको आहे.’ त्या दिवसापासून त्याचा संकोच थोडा सुटला. दादा कोपऱ्यात बसून ऐकत. ते मध्ये बोलत नसत. एकदाच म्हणाले, ‘समेवर येण्याची घाई करू नकोस. कृष्णाला कसली घाई?’ ते वाक्य त्याने आपल्या संहितेच्या वहीत वरच्या समासात लिहून घेतलं.

आम्हा बाकीच्यांसाठी रिप्लेसमेंटची तालीम जरा विचित्र असते. सगळ्यांचं सगळं पाठ, जागा पक्क्या, आणि एकच माणूस नवा. त्याला वाटतं आपण सगळ्यांचा वेळ खातोय. जुन्यांना वाटतं आपण फक्त क्यू द्यायला उभे आहोत. खरं म्हणजे जुन्यांनीही नवीन ऐकायला हवं असतं. दादा एका वाक्यानंतर थांबत आणि मग बलराम बोले. हा थांबत नाही, त्यामुळे बलरामाचं उत्तर उशिरा आल्यासारखं वाटे. बलराम करणारे आमचे जुने नट पहिल्यांदा त्याला ‘तिथे थांब’ म्हणाले. मग बुवा त्यांना म्हणाले, ‘त्याला का थांबवता? तुम्ही लवकर या.’ त्यांनी ते ऐकलं. आणि त्या प्रवेशाला वर्षानुवर्षांत आली नव्हती अशी तरतरी आली.

रंगीत तालमीला एक अडचण पुढे आली. कृष्णाचा कुंतल, म्हणजे केसांचा टोप, त्यावर मुकुट, कानावरून उतरणारी कुंडलं. हे सगळं चढवल्यावर त्याला स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला. घुमल्यासारखा, आतल्या आत. ऑर्गनही लांबून आल्यासारखा. ज्याला अनेक वर्षं कानातल्या यंत्राची सवय, त्याला हे फार जड जातं. रंगभूषा करणाऱ्या काकांनी कुंतल थोडा मागे घेतला, पण मुकुट बसला की तो परत पुढे सरकायचा. ते तिथेच राहिलं, कारण दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.

बेळगावहून चोर्ला घाट उतरून आम्ही फोंड्याला पोचलो. ऑर्गन ट्रकमध्ये गोधड्यांत बांधून आणलेला. हार्मोनियम भात्याने हवा बाहेर ढकलते, ऑर्गन आत ओढून घेतो. दोन्ही पायांनी भाता चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. स्वर तुटत नाही, गायकाच्या मागे तो पसरून राहतो. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात मराठी नाटकाला त्याची सवय लागली ती लागलीच. त्याच मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखा माणूस बसे. आता ऑर्गन दुर्मीळ झालेत. दुरुस्त करणारे हात थोडे उरलेत. म्हणून प्रत्येक घाटात माझा जीव ट्रकमध्ये असतो. उतरवून घेतला, एकेक पट्टी दाबून पाहिली. सगळ्या बोलल्या तेव्हा मी चहा घेतला.

फोंड्यात नव्या कृष्णाचा पहिला प्रयोग लावणं हे धाडस होतं. हा अंत्रुज महाल, म्हणजे फोंडा तालुका. मास्टर दीनानाथांचं मंगेशी गाव याच तालुक्यातलं, जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचेच. इथल्या देवळांच्या उत्सवांत गावचे लोक स्वतः संगीत नाटकं करतात. शेती करणारा, शाळेत शिकवणारा, दुकान चालवणारा माणूस ‘सौभद्र’मधला नारद झालेला असतो. राजीव गांधी कला मंदिरात समोर बसलेल्यांतल्या कितीतरी जणांना पुढचं पद आमच्याआधी आठवतं. त्यांच्याबरोबर त्या रात्री दुसरा एक प्रेक्षक आला होता. कॉलेजमधली मुलं-मुली, आईबापांना घेऊन आलेल्या तरुण बायका, हातात फोन. यांतल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात संगीत नाटक पाहिलं नव्हतं. मला त्यांना बघून खरंच आनंद झाला.

मॅनेजरची एक कल्पना होती. नांदीला सगळे उभे राहतातच, कृष्णालाही उभा करा, म्हणजे टाळ्या-शिट्ट्या तिथेच होऊन जातील आणि त्याच्या पहिल्या प्रवेशाला त्रास होणार नाही. कल्पना व्यवहाराची होती. बुवांनी नाही म्हटलं. आम्ही ‘पंचतुंड नररुंडमालधर’ म्हणतो. ‘शाकुंतल’ची ही नांदी आता सगळ्याच संगीत नाटकांची झाली आहे. बुवा म्हणाले, ‘नांदी रंगदेवतेसाठी असते. तिथे कुणा एकासाठी टाळी नको.’ मी बुवांच्या बाजूची होते, आजही आहे.

तिसरी घंटा झाली. नांदी झाली, सूत्रधार झाला, ‘राधाधर मधुमिलिंद’ घेऊन नारद आला. आमच्या नारदाने सुरुवातच अशी बांधली की पुढच्या रांगांतून ‘वा’ ऐकू आलं. मग कृष्णाची एन्ट्री.

टाळ्यांचा कल्लोळ झाला. शिट्ट्या, नावाचा पुकारा, अंधारात फोनचे उजेड. त्याचं पहिलं वाक्य गद्य होतं. ते बोलायला त्याने तोंड उघडलं, आवाज बुडाला, तो थांबला. टाळ्या वाढल्या. आणि तेव्हा त्याने जे केलं ते टीव्हीच्या मंचावर रोज करायचं असतं. प्रेक्षकांकडे वळला, हसला, हात जोडले. द्वारकेचा कृष्ण क्षणात नाहीसा झाला. मी हलकेच पांढरी तीनचा षड्ज धरला, पंचम त्यात मिसळला आणि धरून ठेवला. तो स्वर त्याच्यासाठी होता. बलराम करणारे पुढे आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आपल्याकडे वळवलं आणि आपलं वाक्य सुरू केलं. मोठ्या भावाने धाकट्याला वळवावं इतकं ते साधं होतं. समोर कुणाला वेगळं काही वाटलं नसेल. पिटात बापूंनी मान हलवली.

पण मध्यंतरापर्यंत तो प्रेक्षकांकडेच ओढला जात राहिला. पद सुरू झालं की पावलं आपोआप मध्यभागी, तोंड समोर, हात वर. तान संपली की टाळी घेण्यासाठी नकळत थांबे. मागून तरुणांचा वन्समोअरचा गजर झाला. पुढच्या रांगा गप्प. गोव्यात पुढच्या रांगा गप्प बसणं म्हणजे काय ते साथीदाराला कळतं. बुवांनी विंगेतून हाताने ‘पुढे चला’ अशी खूण केली आणि मी पुढच्या संवादाखालचा स्वर दिला. वन्समोअर घेतला नाही म्हणून मागे थोडी नाराजी झाली. वन्समोअर हा प्रेक्षकांचा हक्क आहे असं मी मानते, पण तो नाटकाच्या अंगातून यायला हवा. ज्या पदाने प्रवेश पुढे सरकला नाही ते दुसऱ्यांदा म्हणून आणखी मागे जातो.

मध्यंतरात मेकअपरूममध्ये कुणी त्याला काही बोललं नाही. हे मला आमच्या मंडळीचं फार आवडतं. तो आरशासमोर बसला होता. मी गरम पाणी घेऊन गेले तेव्हा म्हणाला, ‘ताई, मला तुम्ही ऐकूच येत नाही आहात. फक्त ते ऐकू येतात.’ ते म्हणजे प्रेक्षक. रंगभूषेचे काका शेजारी होते. त्यांनी विचारलं, ‘पिट कुठल्या बाजूला येतो तुझ्या?’ मग डाव्या कानावरचा कुंतल सोडवला, कानामागून घेऊन चापाने घट्ट बसवला, मुकुट दोरा भरून किंचित वर चढवला आणि डावं कुंडल काढून हलकं लावलं. दोन मिनिटांचं काम. मी तिथेच उभी राहून त्याचा षड्ज गुणगुणला. तो म्हणाला, ‘हां.’

मग रुक्मिणीच्या महालातला प्रवेश. रुक्मिणी रुसलेली, कृष्ण समजूत काढणारा. तालमीत ठरलेलं असं होतं की ‘नच सुंदरी’च्या पहिल्या ओळीला अक्का तोंड फिरवतात आणि दुसऱ्या ओळीला हळूच वळून बघतात. त्याने पद उचललं आणि सवयीने दोन पावलं प्रेक्षकांकडे टाकली. अक्का वळल्या नाहीत. दुसरी ओळ झाली, वळल्या नाहीत. कडवं संपलं, अक्कांची पाठ तशीच. मी खालून बघत होते. ते विसरणं नव्हतं, अक्का विसरत नाहीत. रुक्मिणीला समजावायला आलेला नवरा जर भलतीकडेच तोंड करून गात असेल तर तिने का वळावं?

त्याला ते कळलं ते मला त्याच्या गळ्यातून ऐकू आलं. तो तान घ्यायला निघाला होता. श्वास भरला होता, बापूंनी ती ओळखून हात मोकळा केला होता. त्याने ती घेतली नाही. वळला, चालत अक्कांच्या उजव्या बाजूला गेला, आणि ‘मजवरी धरी अनुकंपा’ अगदी हळू म्हटलं, जवळजवळ बोलून. मी हात हलका केला, एकच स्वर ठेवला. बापूंनी बायाँ, म्हणजे डग्गा, नुसता स्पर्शून दिला. अक्का डावीकडे वळल्या. तो मागून फिरून डावीकडे आला. पुन्हा तीच ओळ, वेगळ्या स्वरावरून. प्रेक्षागृहात हसू फुटलं, लग्न झालेल्या माणसांचं ओळखीचं हसू. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मांडीवर थाप मारली. तिसऱ्यांदा ती ओळ त्याने अक्कांच्या पायाशी बसून घेतली आणि तिथून जो वरच्या षड्जाला गेला तो छोटा गंधर्वांच्या ध्वनिमुद्रणात कुठेही नाही. ती जागा त्याला त्या क्षणी रुक्मिणीच्या रुसव्यातून मिळाली. अक्का वळल्या.

वन्समोअर आला तो पुढच्या रांगांतून. मागच्यांनी त्यात आवाज मिसळला. बुवांनी होकार दिला. दुसऱ्यांदा त्याने पद आखूड केलं आणि अक्कांनी पहिल्याच ओळीला वळून बघितलं, कारण रुसवा आता गेला होता. दोघांनी मिळून वन्समोअरसुद्धा नाटकात बसवला.

‘प्रिये पहा’ला प्रकाशयोजनेचा भाग असतो. रात्र सरते, उषःकाल होतो, तो पदाबरोबर हळूहळू रंगमंचावर यायला हवा. तालमीत हे पद तो ऐसपैस गायचा, म्हणून दिव्यांवरच्या मुलाने त्याच हिशेबाने पहाट लावली होती. त्या रात्री त्याने आलाप निम्म्यावर आणला. देसकार हा सकाळचा राग, त्यात धैवत मोठा. त्या धैवतावर तो उभा राहिला आणि शब्द स्वच्छ सोडत गेला. बायकोला खिडकीबाहेरची पहाट दाखवायची तर माणूस तानांची भेंडोळी सोडत बसत नाही. दिव्यांवरच्या मुलाने ते ओळखलं आणि नारिंगी उजेड लवकर वर घेतला. पांढरी तीनमधला तो देसकार वाजवताना माझ्या बोटांना काळी एक आठवली नाही.

प्रयोगानंतर मेकअपरूमच्या बाहेर गर्दी. सेल्फी, सह्या, फुलं. त्याने कुणालाही परत पाठवलं नाही. मांडीवर थाप मारणारे ते गृहस्थ बऱ्याच वेळाने आत आले. ‘आवाज बरो आसा,’ म्हणाले, आणि मग मराठीत विचारलं, ‘बसून वरच्या षड्जाला गेलात ती जागा कुणाची?’ तो म्हणाला, ‘अक्कांची.’ गृहस्थ अक्कांकडे वळले आणि दोघांचं जुन्या प्रयोगांवर जे बोलणं सुरू झालं ते ट्रक भरून झाला तरी चालू होतं.

सगळं जमलं असं मात्र मी म्हणणार नाही. रुक्मिणीबरोबर त्याचा पाय स्थिरावला, कारण तिथे पदं आहेत आणि पदाला धरून त्याला भूमिकेत शिरता येतं. अर्जुनाबरोबरचं गद्य अजून पोकळ आहे. कृष्ण सगळं ठरवून बसलेला, अर्जुनाला मात्र काहीच सांगत नाही, त्यातला खट्याळपणा वाक्यांच्या मधल्या जागांत आहे. तिथे हा वाक्य संपवून पुढच्या पदाची वाट बघतो. ते प्रेक्षकांना दिसतं. अर्जुन करणारा, जो जाहिरातीतल्या बारीक अक्षरांमुळे सगळ्यांत दुखावलेला होता, त्यानेच रात्री जेवताना त्याला म्हटलं, ‘उद्या लवकर निघू. माझ्याबरोबरचे प्रवेश एकदा करू.’

दुसऱ्या दिवशी मडगावला रवींद्र भवनात पोचलो तेव्हा दुपार होती. मी ऑर्गनच्या गोधड्या सोडायला घेतल्या. बुवांनी स्टेजवरून हाक मारली. दोघं आधीच उभे होते, घामाने भिजलेल्या साध्या सदऱ्यांत. बुवा मला म्हणाले, ‘तो झाकलेलाच राहू दे. आत्ता यांना नुसतं बोलू दे.’